सोपटाच्या गाठी

सावद्यातल्या आमच्या दोन खोल्यांना
भिंतीतले प्लग तीनच.
बाकीचा संसार सहा भोकांच्या
एका पांढऱ्या एक्स्टेन्शनवर.
टीव्हीच्या टेबलामागे ते पडून असतं
शेपूट वळवलेल्या विंचवासारखं.
त्याची मूळ पिन कपाटामागे, जिथे हात जात नाही,
आणि लाल बटण दाबलेलं ते दाबलेलंच,
दोन वर्षं झाली.

कूलर, मिक्सर, मृण्मयीचा लॅपटॉप, राऊटर.
चार झाली.
उरल्या दोन जागांवर तो काळा ठोकळा,
अडॅप्टर,
बसतो एका भोकात
आणि मांडी पसरतो दोन्हींवर,
रावेरच्या एसटीत पोतं घेऊन चढलेल्या माणसासारखा.
याला "सरका जरा" म्हणायचीही सोय नाही.
कुमुदचा फोन, माझं दाढीचं मशीन
बाहेर ताटकळत.

परवा मिक्सर समजून मी कूलर काढला.
त्याआधीच्या रविवारी कूलर समजून लॅपटॉप,
ज्याची बॅटरी केव्हाच मेलेली.
मृण्मयी दोन दिवस माझ्याशी
खाणाखुणांनी बोलली.

मग मी वहीची लेबलं आणली.
ठळक अक्षर, वर सेलोटेप.
शाळेच्या प्रयोगशाळेत तेवीस वर्षं
बाटल्यांना हेच तर करतोय.

देवका फुई खाटेवरून बघत होती.
"मले काय त्याचं?
मले वाचता येतं का?"

खरंच की.
आम्ही तिघं दहाला बाहेर पडतो,
दिवसभर या पिना सांभाळते ती.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर
प्रत्येक वायरीला केळीचं सोपट.
कूलरला एक गाठ, मिक्सरला दोन,
लॅपटॉपला तीन, राऊटरला चार.
पिळदार, ओली करून आवळलेली.
फुईनं उभा जन्म केळीचे घड वाहिले.
गाडी भरली की कमरेच्या दोरीला एक गाठ.
एकदा मुकादमाच्या वहीत अठ्ठावीस
आणि हिच्या दोरीत एकतीस निघाल्या.
वही खोडावी लागली.

"तुह्या चिठ्ठ्या ऱ्हाऊ दे," म्हणाली,
"शोभेले."

त्या रात्री दीड वाजता लाइट गेली.
अंगाखालची चादरसुद्धा तव्यासारखी.
येताना लाइट झटका देते,
मागचा टीव्ही त्यातच गेला,
म्हणून सगळ्या पिना काढायला उठलो.
फोन उघडला, दोन टक्के,
लोगो दाखवून तोही मिटला.

टेबलामागे गुडघ्यावर.
माझी अक्षरं तिथंच होती, ठळक,
आणि बोटांना सगळी सारखीच गुळगुळीत.
मग सोपट लागलं.
एक.
ओढली.
तीन. ही मृण्मयीची, हळू.
दोन.
चार.

पाचवीला गाठच नाही.

"फुई, हिले काहून नाही बांधली?"
अंधारातून, जागीच होती ती,
"कायची हाये ते सांग, बांधते."

मी वायर हातात धरून गेलो तिच्यामागे,
टेबलाच्या पायाला वळसा,
धूळ, एक हरवलेलं पेन, आणखी धूळ,
आणि टोकाला बारीक गोल पिन
कशातच नाही.
कुठला तरी रेडिओ, की कॉर्डलेस फोन,
की कुमुदच्या भावानं दिलेला तो दिवा?
वस्तू गेली कधीची,
हा बसून होता दोन जागा अडवून,
आणि हातात घेतला तर
अजून कोमट.

फुई काही बोलली नाही.
थोड्या वेळानं घोरायला लागली.
मी ठोकळा मांडीवर घेऊन
लाइटची वाट बघत बसलो.

सकाळी तो ड्रॉवरमध्ये ठेवला,
त्याच्यासारख्याच सात-आठ जणांत.
ठेवताना सोपटाचा उरलेला तुकडा दिसला.
बांधली एक गाठ.
सैलच राहिली,
मला तिच्यासारखी आवळता येत नाही.